एकादशीची भाकरी

घोटा मोडल्याचा आवाज मला ऐकू आलाच नाही. पातेलं पडल्याचा आला. धुऊन ठेवलेली भगर पाण्यासकट सगळ्या फरशीवर पसरली आणि तिच्या मधोमध मी. पाय कसा सरकला, कशावर सरकला, ते आजही सांगता येणार नाही. मोरीकडून ओट्याकडं येत होते, एवढं आठवतं.

उठायला गेले. डावा पाय आला, उजवा आला नाही. घोट्यातून अशी कळ गेली की डोळ्यांपुढं भगरीचेच दाणे नाचायला लागले. मग भिंतीला पाठ लावून बसून राहिले. बाहेर नुकतं उजाडलं होतं. थंडीचे दिवस, फरशी बर्फासारखी. शेगडीवर चहाचं पातेलं चढवलेलं होतं, पेटवायचं राहिलं होतं.

अशा वेळी माणसाला देव आठवतो म्हणतात. मला दिगूचा व्हिडिओ आठवला. आजचा टाकायचा होता.

दिगू माझा एकुलता एक मुलगा. पुण्याला नोकरीला. त्याचे वडील गेल्यापासून मी गावात एकटीच राहायचे. आमचं गाव ओतूरच्या अलीकडं, डोंगराच्या कडेला. आदल्या वर्षी मला शेतात चक्कर आली, लोकांनी उचलून घरी आणलं, आणि दिगू त्याच दिवशी गाडी घेऊन दारात.

"आई, कपडे भर. आता एकटी राहायचं नाही."

"आन् माझ्या वेलांना पाणी कोण घालील?"

"वेलांसाठी जीव देणार का?"

त्याचं चुकत नव्हतं. पुण्याला मला कुणी वाईट वागवत नाही. सून हातात चहा आणून देते. पण तिथं मी पाहुणी असते, आणि पाहुणीला कुणी शेगडीपाशी फिरकू देत नाही. दिवसभर खुर्चीत बसून समोरच्या इमारतीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे बघायचे. चार दिवस बरं वाटतं. पाचव्या दिवशी आपलेच हात आपल्याला परके वाटायला लागतात.

शेवटी त्यानं अट घातली. रोज सकाळी तो कामाला निघायच्या आत मी काय रांधलं त्याचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकायचा. "ज्या दिवशी आला नाही," दिगू म्हणाला, "त्या दिवशी मी गाडी काढणार. मग तुझं एक ऐकणार नाही. हे घर बंद."

मी कबूल केलं. फोन भिंतीला टेकवून कसा ठेवायचा ते त्यानंच शिकवलं.

पहिले काही दिवस नुसता चहा टाकला. मग मला गोडी लागली. कुळथाचे शेंगोळे टाकले, हुलग्याचं माडगं टाकलं, अंबाडीची भाजी टाकली. लिहायला मी चाळिशी उलटल्यावर शिकले, शाळेतल्या बाईंनी ओसरीवर बायकांचा वर्ग काढला होता तेव्हा. त्यामुळं व्हिडिओखाली दोन ओळी लिहायची मला भारी हौस. 'शेंगोळे हातावर वळावेत, पोळपाटावर नाही.' असं काहीतरी. सुरतेची नणंद, मुंबईचे भाचे, सगळे अंगठा दाखवायचे. मला बरं वाटायचं.

आणि मग त्या ग्रुपवर कौसाअक्का बोलायला लागली.

कौसाअक्का माझी थोरली जाऊ. आमची घरं पाठीला पाठ लावून. मधे हातभर बोळ, आणि त्या बोळात बाभळीच्या काट्यांची कुपाटी. ती कुपाटी तिनं घातली का मी, यावर दोघींचं एकमत नाही. भांडण कशावरून झालं यावरही नाही. तिच्या म्हणण्यानं, तिच्या लेकीच्या साखरपुड्यात मी आमटी खाऊन 'बरी आहे' म्हणाले. माझ्या म्हणण्यानं, त्याच पंगतीत तिनं वाढताना मला ओलांडून पुढच्या बाईला वाढलं. तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. धाकट्यांची लग्नं झाली, म्हातारे गेले, माझा नवरा गेला, तिचा गेला. दोन्ही मयतांना आम्ही एकमेकींच्या दारात जाऊन बसलो, रडलो, पण बोललो नाही.

कौसाअक्काला वाचता येत नव्हतं. पण फोनमधलं ते माईकचं चित्र दाबून धरायला तिला नातीनं शिकवलं होतं, आणि मग काय विचारता. मी गुळाचा चहा टाकला की थोड्या वेळात तिचा आवाज:

"काही लोकांचा गुळाचा चहा फाटतो. दूध नंतर घालायचं असतं. पण शिकवणारं कुणी नसलं की असं होतं."

माझं नाव ती कधी घ्यायची नाही. 'काही लोक' म्हणायची. मीही मग लिहायचे: 'काही लोकांच्या जिभेला धार आहे, विळीला नाही.' भाचे हसून हसून लोळायचे. ती माझ्या व्हिडिओतलं काहीही सोडायची नाही. तव्याचा कान तुटलाय. भांडं उपडं ठेवलं नाही. मिरच्या देठासकट वाटल्या. "खोबरं खवट हाये, इथून वास येतो," असंसुद्धा म्हणाली होती. फोनमधून.

पण एक खरं. कौसाअक्का खोटं बोलायची नाही. तिच्या गळ्यात तुळशीची माळ होती, माळ घातल्यापासून ती खोटं बोललेली कुणाला माहीत नव्हती. स्वतःच्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हा "मुलगी गुणाची, पण सकाळी लवकर उठत नाही" असं भर बैठकीत सांगून मोकळी झालेली बाई. तिचं बोलणं कडू, पण त्यात भेसळ नसायची. गावात कुणाचं खरं-खोटं करायचं असलं की म्हणायचे, कौसाबाईला विचारा.

तर त्या सकाळी मी भगरीत बसलेली.

गावातल्या कुणालाही हाक मारली असती तरी चालली असती. दाराला आतून कडी होती, पण लोकांनी दार तोडलं असतं. फोन माझ्या कमरेच्या पिशवीतच होता. पण गावात एकाला कळलं की पुण्यात कळलंच. आणि पुण्यात कळलं की घर बंद. मी म्हटलं, मुरगळलाय नुसता. घटकाभर बसू, मग सरकत सरकत डब्यापर्यंत जाऊ, हळद-तुरटीचा लेप लावून फडकं बांधू. दुपारपर्यंत चालायला लागू. कुणाला कळायचंही कारण नाही.

फक्त व्हिडिओ जायला पाहिजे.

फोन काढला. फोनमध्ये माझे जुने व्हिडिओ असतात. वर सरकवत गेले आणि ग्रुपवर न टाकलेला एक सापडला. कुठल्यातरी दिवशी दोन काढले होते, त्यातला दुसरा. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. भाकरी छान फुगलेली. तोच टाकला. खाली लिहायची ताकद नव्हती.

थोड्या वेळानं दिगूचा अंगठा आला. 'मस्त आई.' मी देवाला हात जोडले.

मग बसून राहिले. घोटा सुजून कोहळ्याएवढा झाला. सरकायचा प्रयत्न केला तर तोंडातून आवाज निघाला, म्हणून पदर तोंडात धरला. बाहेर गाई सोडल्या, पोरं शाळेला गेली. एक गोष्ट मात्र मनाला चाटून गेली. भाकरी टाकून इतका वेळ झाला, तरी कौसाअक्काचा आवाज आला नव्हता. भाकरीवर ती बोलणार नाही असं होऊच शकत नव्हतं.

तेवढ्यात मागच्या बोळात काटे ओढल्याचा आवाज आला. आधी वाटलं शेळी शिरली. मग शेळी बोलायला लागली.

"ठके! ए ठके! लाज नाय वाटत? एकादशीला भाकरी खातीस? आन् वर लसूण!"

एकादशी! मी सकाळी उठले ते भगर धुवायलाच उठले होते. आंघोळ करून, तुळशीला पाणी घालून. आणि घोटा मोडल्याबरोबर ती सगळी एकादशी डोक्यातून पुसून गेली होती. भगरीत बसून मी जगाला भाकरी दाखवली होती.

"सासूनं शिकवलेलं सगळं धुऊन प्यालीस व्हय गं? थांब, येतेच मी! दार उघड!"

काटे मोडत होते, ती ओरडत होती. आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं. मागच्या दाराला साधी साखळी होती, ती बाहेरून हात घालून निघते. तिला ते माहीत होतं. नवी नवरी म्हणून आम्ही दोघी त्याच घरात नांदलो होतो. साखळी पडली. दार उघडलं. दारात कौसाअक्का, केस सुटलेले, दोन्ही हातांवर काट्यांचे ओरखडे, एकातून रक्त येतंय.

आणि ती एकदम गप्प झाली.

माझ्याकडं बघितलं. पायाकडं बघितलं. फरशीवरच्या भगरीकडं बघितलं. मग ती शेगडीपाशी गेली आणि चहाच्या पातेल्याला हात लावला.

"कवाची पडलीस?"

"आत्ताच."

"पातेलं गार हाये."

ती माझ्यापाशी बसली. वाकताना तिचे गुडघे वाजले. घोट्याला तिनं नुसतं बोट लावलं तर मी किंचाळले.

"मोडलाय," ती म्हणाली.

"अक्का," मी म्हणाले. इतक्या वर्षांत तिला मारलेली ती पहिली हाक. "दिगूला सांगू नको. पाया पडते तुझ्या. तो मला घेऊन जाईल."

तिनं पदरानं माझ्या हाताला चिकटलेले भगरीचे दाणे पुसले. तेवढ्यात पुढच्या दारात जीपचा हॉर्न वाजला. इस्माईलची जीप, ओतूरच्या फेऱ्या मारतो तो. मला वाटलं, स्टँडकडं निघाला असेल. कौसाअक्का उठली, कडी काढली, आणि त्याला हाक मारली. दोघांनी मिळून मला घोंगडीत घातलं आणि जीपमध्ये ठेवलं. सबंध रस्ता ती माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की इस्माईलला म्हणायची, "हळू, मेल्या, माणूस हाये आत."

दुपारी दिगू आला. अक्काच्या मुलानं, बाळूनं, त्याला फोन केला होता. घरातलंच माणूस, लपणार कसं? माझ्या पायाला प्लॅस्टर घालून झालं होतं. दिगू कॉटपाशी उभा राहिला, तोंड उतरलेलं. आधी त्यानं माझ्या कपाळावरून हात फिरवला. मग तो मुद्द्यावर आला.

"आई, एक सांग. सकाळी तू व्हिडिओ टाकलास. मी बघितला. मग पडलीस कधी?"

मी भिंतीकडं बघितलं. भिंतीवर बाळाला दूध पाजणाऱ्या बाईचं चित्र होतं. तिच्याकडूनही काही मदत मिळेना.

"आई, पडल्यावर टाकलास का? जुना होता का तो?" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. तेच जास्त लागलं. "म्हणजे तू मरून पडली असतीस, तरी मी 'मस्त आई' म्हणून कामाला गेलो असतो. मग त्या व्हिडिओंना अर्थ काय राहिला? आता मला कशावर विश्वास ठेवायचा?"

त्याचं खरं होतं. मी तोंड उघडलं. सगळं कबूल करायचं, कपडे भरायचे, घराला कुलूप लावायचं, हे माझ्या मनानं त्या क्षणी स्वीकारलंसुद्धा होतं.

"जुना कशाचा?" कोपऱ्यातल्या स्टुलावरून कौसाअक्का म्हणाली. "आजचाच व्हता."

दिगू वळला. "मोठी आई, आज एकादशी आहे म्हणतात. बाळूदादा म्हणाला."

"म्हणूनच तर."

"म्हणजे?"

"म्हणजे हिनं एकादशी मोडली. सकाळी भाकरी थापली, व्हिडिओ काढला, लसणाशी खाल्ली, आन् उठली तशी आपटली. पांडुरंगानं जागच्या जागी दिली. मी जाबच विचारायला गेले व्हते, तर ही खाली."

शेजारच्या कॉटवरची बाई उठून बसली. नर्सनं तोंडाला रुमाल लावला.

"माझी आई? एकादशी मोडेल?" दिगू माझ्याकडं बघायला लागला.

"मग मी खोटं बोलते व्हय रे?" अक्कानं गळ्यातली माळ बोटात धरली. "सांग की. कौसाबाई खोटं बोलते म्हण."

हे कुणी कधी म्हणालं नव्हतं.

मी अक्काकडं बघितलं. ती माझ्याकडं बघत नव्हती. खिडकीतून बाहेर बघत होती आणि माळेचा एक मणी अंगठ्यानं घासत होती. मला कळलं की आता बोलायची पाळी माझी आहे. सबंध आयुष्यात मी एकही एकादशी चुकवलेली नव्हती. बाळंतपणातसुद्धा. मी खाली मान घातली आणि म्हणाले:

"भूक लागली व्हती."

दिगूनं कपाळावर हात मारला. मग तो हसला. सकाळपासून पहिल्यांदा.

पण तो इतक्यात सोडणारा नव्हता. "बरं, तो आजचा होता. पण पायाला प्लॅस्टर आहे. जमिनीवर पाय टेकायचा नाही म्हणतात. तुझं करणार कोण? पुण्यालाच यायला लागेल."

"मी काय मेलेय?" अक्का म्हणाली.

"मोठी आई, तुम्ही दोघी बोलत नाही एकमेकींशी!"

"करायला बोलायला कशाला लागतं? न बोलता करीन."

नर्सला आता हसू आवरेना. दिगू दोघींकडं आळीपाळीनं बघत राहिला.

"आन् हिला नेलीस," अक्का पुढं म्हणाली, आवाज जरा खरखरीत झाला, "तर मी सकाळी बघू काय? बाळू बाजारात जातो, सून अंगणवाडीत. मला वाचता येत नाय. हिची चूल बघते, दोन शब्द बोलते, तवा माझा दिवस उजाडतो. तुमचं काय, अंगठा दाखवला की झालं."

दिगू कॉटच्या कडेला बसला. मग म्हणाला, "बरं. प्लॅस्टर निघेपर्यंत बघू."

ते 'बघू' आजपर्यंत चाललंय. पण ते पुढचं.

एकादशी मोडल्याची बातमी माझ्याआधी गावात पोहोचली. त्याची व्यवस्था अक्कानंच ग्रुपवर केली होती. सुरतेच्या नणंदेनं मोठं लांबलचक लिहिलं: 'वहिनी, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' भजनाच्या बायका बघायला आल्या त्या पायाची चौकशी करून जाईनात. एकमेकींकडं बघत बसायच्या. एक जण तर म्हणाली, "लसूण तरी नसता खाल्ला." मी मान हलवायचे. घरात होते, माझ्या घरात. मला कुणी काहीही म्हणो.

घरी आणलं तेही इस्माईलनंच. अक्का पुढं जाऊन घर झाडत होती, दिगू औषधं घ्यायला थांबला होता. मी जीपमध्ये पाय पसरून बसलेले. इस्माईल आरशातून बघत म्हणाला,

"ठकूकाकू, एक विचारू का? ते एकादशीचं मला काय कळलं नाही."

"काय त्यात कळायचं?"

"त्या दिवशी सकाळी कौसाकाकूंचा फोन आला. इस्माईल, जीप घेऊन ठकीच्या दारात ये, ओतूरला दवाखान्यात जायचंय. मी म्हटलं, काय झालंय? तर म्हणाल्या, अजून बघितलं नाय. तू ये."

मी ऐकत राहिले.

"मी म्हटलं, काकू, बघितलं नाय तर दवाखाना कशाला? तर म्हणतात, अरे, आज एकादशी हाये आन् ठकीनं भाकरी टाकलीय. आणि फोन ठेवला. मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. पण आवाज असा होता की चहा तसाच टाकून निघालो." त्यानं गिअर बदलला. "भाकरी खाल्ल्यावर दवाखान्यात नेतात का हो तुमच्यात?"

मी म्हणाले, "कधी कधी."

मग कुपाटीपासून एकादशीच्या नावानं आळीभर ओरडत आली ती कशाला, हे मी तिला कधीच विचारलं नाही. इतक्या वर्षांनी जावेच्या दारात बोलायला यायचं तर बाईला काहीतरी निमित्त हातात लागतंच.

ती रोज यायची. न बोलता करीन म्हणाली होती, तसंच केलं. अंघोळीला पाणी ठेवायची, वेणी घालायची, पायाखाली उशी सरकवायची. आवाज यायचा तो फोनमधून. माझ्याच ओट्यावर चहा करायची, तिथंच पाठमोरी उभी राहून माईक दाबायची आणि ग्रुपवर म्हणायची, "काही लोकांच्या साखरेच्या डब्यात मुंग्या हायेत." मी खाटेवरून ते दोनदा ऐकायचे. एकदा तिच्या तोंडून, एकदा फोनमधून.

पुढची एकादशी आली. सकाळी अक्कानं भगर आणि शेंगदाण्याची आमटी करून आणली. ताट माझ्यापुढं सरकवलं.

मी ताट परत सरकवलं.

"काय झालं?" ती म्हणाली. ठरवलेलं मौन तिच्याकडून मोडलं.

"मला भाकरी पाहिजे."

"आज एकादशी हाये."

"माहीत हाये."

"डोक्याला मार लागलाय का तुझ्या?"

"तू माळ हातात धरून सांगितलंयस, ठकीनं एकादशीला भाकरी खाल्ली. मग खायला पाहिजे की."

ती बघतच राहिली. खाली बसली.

"ती एकादशी येगळी," शेवटी ती म्हणाली. "ती गेली."

"देव तिथी बघतो. एकादशी ती एकादशी. तुझ्या गळ्यात माळ हाये, अक्का. माझ्यापायी ती खोटी पडायला नको."

"माझ्या माळेचं मी बघीन. तू तुझं पुण्य कशाला घालवतीस?"

"मला पुण्य काय करायचंय? मला माझं घर मिळालं."

अक्का उठली. वाटलं, रागावून निघून चालली. ती पिठाच्या डब्याकडं गेली. परातीत बाजरीचं पीठ घेतलं, पाणी ओतलं, आणि माझ्याकडं पाठ करून मळायला लागली. बराच वेळ मळत होती. बाजरीला इतकं मळायला लागत नाही. तिचे खांदे हलत होते, आणि ते मळण्यानं हलत होते की कशानं, ते मी बघितलं नाही. भाकरी थापल्याचा आवाज आला. तव्यावर पडल्याचा आला. मग तिनं लसूण सोलला, मिरचीबरोबर ठेचला.

ताट आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी तुकडा मोडला, चटणीला लावला. उपासाच्या दिवशी तोंडात भाकरी घालताना हात थोडा थबकला. जन्मभराची सवय होती त्याला. मग घास तोंडात गेला. मी सावकाश चावला, गिळला.

अक्का समोर उभी होती, डोळे पुसायचेही विसरून.

"खाल्ली," मी म्हणाले. "आता तू खोटं बोलली नाहीस."

"गप," ती म्हणाली. "दुसरा घास घे. गार होतीये."